मॅनेजर चांगला की वाईट: निकाल सोडून सामन्यात नेमकं काय बघायचं?

सेंटरबॅक

दोन सामने हरले की 'याला काढा' सुरू होतं, आणि तीन जिंकले की तोच माणूस द्रष्टा ठरतो. चेंडू खांबाला लागून आत गेला की बाहेर आला यावर कुठल्याच मॅनेजरचा ताबा नसतो. पण काही गोष्टी फक्त सरावाच्या मैदानावर तयार होतात आणि टीव्हीवरही स्पष्ट दिसतात. धागा तेवढ्याच गोष्टींवर ठेवूया. क्लब कुठलाही असो, माझ्या मते तीन जागा बघायच्या.

पहिली, स्वतःच्या संघाची गोलकिक, म्हणजे समोरच्याकडून चेंडू मागच्या रेषेबाहेर गेल्यावर गोलसमोरून मारायची किक. २०१९ मध्ये नियम बदलला. तेव्हापासून चेंडू बॉक्सच्या, म्हणजे गोलसमोरच्या मोठ्या आयताच्या, बाहेर जाण्याची वाट बघावी लागत नाही. किक मारून तो हलला की खेळ सुरू, आणि तोवर प्रतिस्पर्ध्याने बॉक्सबाहेर थांबायचं. त्यामुळे दोन्ही सेंटरबॅक (मधले बचावपटू) गोलकीपरच्या दोन बाजूंना, बॉक्सच्या आतच उभे राहू शकतात. समोरचे किती जण अंगावर येतायत ते मोजा. चार आले तर कीपर धरून आपल्याकडे पाच-सहा पर्याय दिसले पाहिजेत, कारण कीपर हाच जादाचा माणूस असतो. सलग तीन-चार गोलकिका बघा. प्रत्येक वेळी मिडफिल्डर वेगळ्याच जागी उभा, फुलबॅक (कडेचा बचावपटू) हात वर करून विचारतोय, आणि शेवटी कीपर नाइलाजाने लांब भिरकावतोय, असं दिसलं तर ती तयारीची उणीव आहे. लांब मारणं हा गुन्हा नाही. मात्र ठरवून मारलेल्या लांब किकेखाली चार माणसं आधीच गोळा झालेली असतात.

दुसरी, चेंडू गमावल्यानंतरची पाच-सहा सेकंदं. सगळ्यात जवळचा माणूस लगेच तुटून पडतो का, आणि त्याच्या मागचे दोघे जवळचे पास बंद करतात का? पहिला धावला आणि बाकीचे उभे राहिले, तर न धावलेलं परवडलं.

तिसरी, कॉर्नर. आपलेही आणि त्यांचेही.

हे बघताना स्कोअर विसरू नका. एका गोलने पुढे असलेला संघ मागे सरकतोच, त्यात मॅनेजर घाबरला असं काही नसतं. बरोबरी असतानाची मिनिटं सगळ्यात जास्त बोलतात.

तोफखाना

धागा मनापासून आवडला. कॉर्नरचं मी सविस्तर लिहितो. आमच्या आर्सेनलने २०२१ मध्ये निकोलस जोव्हरला मँचेस्टर सिटीकडून आणलं आणि सेट-पीसची, म्हणजे कॉर्नर-फ्रीकिकसारख्या थांबलेल्या चेंडूंची, जबाबदारी दिली. त्याचं काम समजायला शेजारच्या स्पर्सविरुद्धचे (टॉटनहॅम) दोन सामने, म्हणजे डर्बी, पुरतात. एप्रिल २०२४ मध्ये स्पर्सच्या मैदानावर ३-२ ने जिंकलो, त्यातला पहिला गोल साकाच्या कॉर्नरवर त्यांच्याच होयबिएर्गच्या डोक्याला लागून आत गेलेला आणि तिसरा राइसच्या कॉर्नरवर हावर्ट्झचा हेडर. नंतर १५ सप्टेंबर २०२४, त्याच मैदानावर १-०. चौसष्टाव्या मिनिटाला साकाचा कॉर्नर, गॅब्रिएलचा हेडर, संपलं.

रचना अशी असते. उजवीकडून डावखुरा साका, डावीकडून उजव्या पायाचा राइस. म्हणजे दोन्ही बाजूंनी चेंडू गोलच्या दिशेने वळत येतो. बाहेर वळणाऱ्या चेंडूवर हेडरला जोर जास्त मिळतो, पण कीपरला वेळही मिळतो. आत वळणाऱ्यावर कुणाचंही डोकं, खांदा, गुडघा लागला तरी चेंडू गोलकडेच जातो. होयबिएर्गचं तेच झालं.

पाच-सहा जण दूरच्या पोस्टच्या पलीकडे घोळका करून उभे राहतात. किक व्हायच्या क्षणी तिथून सगळे एकदम छोट्या बॉक्समध्ये धावतात. त्यामुळे बचाव करणारे उभे असतात आणि हल्ला करणारे वेगात असतात. उभ्याने उडी मारणारा धावत येऊन उडी मारणाऱ्याला हरवू शकत नाही. एक माणूस, तेव्हा बहुतेकदा बेन व्हाइट, कीपरला चिकटून उभा. त्याने चेंडू मारायचाच नसतो, कीपरची पहिली दोन पावलं अडली की त्याचं काम झालं. आणखी एक-दोघे गॅब्रिएलच्या मागावर असलेल्या खेळाडूच्या वाटेत येतात. बॉक्सच्या कडेला एकजण उडून आलेल्या चेंडूसाठी आणि मध्यरेषेजवळ दोघं प्रतिहल्ला रोखायला.

सगळे गॅब्रिएलकडे बघतात, मी किक मारणाऱ्याकडे बघायला सांगेन. चेंडू दर वेळी त्याच दोन-तीन मीटरच्या पट्ट्यात पडला पाहिजे, तरच बाकीच्यांच्या धावेला अर्थ आहे. पहिल्याच बचावपटूच्या डोक्यावर आदळणारे कॉर्नर सारखे दिसत असतील, तर धावा कितीही सुंदर आखलेल्या असोत, उपयोग शून्य.

उत्तर लंडन

जखमेवर मीठ चोळलंत, पण मुद्दा बरोबर आहे. आमच्या स्पर्सकडून उत्तर काय असायला हवं होतं ते लिहितो, कारण 'रेफ्रीने फाउल द्यायला हवा होता' ही तक्रार नियमात पूर्ण बसत नाही.

नियम असा की चेंडू खेळात येण्याआधी झालेल्या ढकलाढकलीवर फ्रीकिक किंवा पेनल्टी देता येत नाही. रेफ्री फार तर खेळ थांबवून समज देऊ शकतो किंवा कार्ड दाखवू शकतो. दुसरं, नुसतं वाटेत उभं असणं हा फाउल नाही, वाटेत सरकून येणं हा आहे. म्हणून अडवणारा माणूस किकेच्या आधीच जागा धरून ठेवतो. तिसरं, कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड (पास होताना बचावाच्या ओळीच्या पलीकडे असणं) नसतो, त्यामुळे कीपरच्या नाकासमोर उभं राहायला हरकत नाही. पण पहिल्या स्पर्शानंतर, म्हणजे हेडर मारल्याच्या क्षणी, तोच माणूस ऑफसाइड जागेत राहून कीपरची नजर अडवत असेल तर गोल रद्द होऊ शकतो. त्यामुळे पहिला स्पर्श होईपर्यंत तो बाजूला सरकतो का, हे बघण्यासारखं असतं.

आता बचाव. पहिली गोष्ट, कीपर आणि त्याला चिकटलेला माणूस यांच्या मध्ये आपला एक दणकट खेळाडू घालायचा. दुसरी, सगळ्यात धोकादायक हेडरवाल्याला शेवटी पकडण्यात अर्थ नाही. तो धाव सुरू करतो तिथेच त्याच्या अंगाला अंग लावायचं, म्हणजे वेग मिळतच नाही. सप्टेंबरच्या त्या गोलमध्ये आमचा रोमेरो गॅब्रिएलला जिथे हरवून बसला ती जागा पुन्हा बघा. चेंडू हवेत असताना लढत संपलेली होती. तिसरी, छोट्या बॉक्सच्या रेषेवर, म्हणजे गोलपासून साडेपाच मीटरवर, तीन-चार जण जागा धरून आणि बाकीचे माणसं धरून. निव्वळ झोनल किंवा निव्वळ मॅन मार्किंग आता फारसं कुणी करत नाही.

आणि चौथी, जी करायला धाडस लागतं: दोन-तीन वेगवान खेळाडू मध्यरेषेवर ठेवायचे. समोरच्याला त्यांच्यासाठी तितकेच, शक्यतो एक जास्त, मागे ठेवावे लागतात आणि बॉक्समधली गर्दी आपोआप कमी होते. गर्दी कमी झाली की कीपरला बाहेर यायला वाट मिळते. याचा तोटा असा की पहिला चेंडू साफ झाला नाही तर उडालेल्या चेंडूसाठी माणसं अपुरी पडतात. सरावाशिवाय हे करू नये.

अ‍ॅनफिल्डकर

कॉर्नरवर उत्तम लिहिलंय दोघांनी. मी प्रेसकडे, म्हणजे चेंडू असलेल्या संघावर पुढे जाऊन दडपण आणण्याकडे, वळतो, कारण तिथे 'जोशात खेळले' आणि 'शिकवलेलं खेळले' यातला फरक सर्वात लवकर कळतो.

प्रेस सुरू करायची खूण ठरलेली असते. पास मागे गेला, आडवा आणि हळू पास झाला, घेणाऱ्याचं तोंड स्वतःच्या गोलकडे आहे, पहिला स्पर्श लांब गेला, किंवा चेंडू टचलाइनजवळच्या फुलबॅककडे गेला. यातली एक खूण दिसली की पुढचा माणूस सुटतो, आणि सुटतानाच आपल्या धावेच्या कोनाने एक पास झाकतो. सरळ रेषेत धावणारा स्ट्रायकर एकालाच गाठतो, वळण घेऊन धावणारा दोघांना बांधतो. पुढची ओळ ते बचावाची ओळ हे अंतर तीस-पस्तीस मीटरच्या आत राहिलं पाहिजे. मैदान १०५ मीटर लांब आहे, म्हणजे संघ त्याच्या एक तृतीयांश भागात गोळा झालेला हवा.

हे अंतर फाटलं की काय होतं त्याचा धडा म्हणजे २४ ऑक्टोबर २०२१, मँचेस्टर युनायटेडचं मैदान ओल्ड ट्रॅफर्ड, आमच्या लिव्हरपूलकडून ०-५. युनायटेडचे पुढचे खेळाडू एकेकटे अंगावर येत होते आणि त्यांच्या मागे मिडफिल्ड येत नव्हतं. आमचा फर्मिनो त्या रिकाम्या जागेत मागे उतरायचा. सेंटरबॅकने त्याच्यामागे जायचं की जागा धरायची हे ठरलेलं नव्हतं. पाचव्या मिनिटाला केटाचा गोल, तेराव्याला जोटाचा, नंतर सलाहचे तीन. पाचही गोल पन्नासाव्या मिनिटाच्या आत. खेळाडू कमी पळाले हे निदान चुकीचं आहे. चुकीच्या वेळी, एकेकटे पळाले. महिनाभरात युनायटेडच्या मॅनेजर सोलशारला जावं लागलं ते वॉटफर्डकडून ४-१ हरल्यावर, पण कारण या सामन्यात उघडं पडलेलं होतं.

लाल सैतान

त्या सामन्याचं विश्लेषण मान्य. फक्त एक जोडतो. त्या मोसमाच्या सुरुवातीला आमच्या युनायटेडमध्ये आक्रमणाच्या मध्यभागी रोनाल्डो आला होता, आणि सातत्याने प्रेस करणं हा त्या वयात त्याचा खेळ नव्हता. अशा वेळी मॅनेजरपुढे दोनच मार्ग असतात. प्रेसची ओळ दहा-पंधरा मीटर मागे घ्यायची, किंवा त्या खेळाडूला बसवायचं. उंच प्रेसही करायचा आणि प्रेस न करणारा स्ट्रायकरही ठेवायचा, यात मधले दोघे भरडले जातात. त्यामुळे मॅनेजर बघताना 'त्याची पद्धत कोणती' याच्या आधी 'हाती असलेल्या माणसांना ती झेपते का' हे बघा.

नंतरच्या आमच्या मॅनेजर अमोरिमच्या ३-४-२-१ चं (मागे तीन, मध्ये चार, पुढे दोन 'दहा नंबर' आणि एक स्ट्रायकर) दुखणं याच जातीचं होतं. २०२४-२५ मध्ये युनायटेड पंधराव्या क्रमांकावर, ४२ पॉइंट, ३८ सामन्यांत ४४ गोल. (सुरुवातीचे नऊ लीग सामने आधीच्या मॅनेजर टेन हागचे होते, हेही लक्षात घ्या.) या रचनेत मध्यभागी फक्त दोघे असतात. समोर तीन मिडफिल्डर आले की एकजण कायम मोकळा. हे झाकायचे दोन उपाय आहेत: दोन 'दहा नंबर'पैकी एकाने मागे येऊन तिसऱ्याला धरायचं, नाहीतर बाजूच्या सेंटरबॅकने ओळ सोडून पुढे उडी घ्यायची. पहिल्यात प्रतिहल्ल्याला माणूस कमी पडतो, दुसऱ्यात मागे भगदाड पडतं आणि विंगबॅकला (कडेने वर-खाली करणारा) आत सरकून ते बुजवावं लागतं. विंगबॅक दमला किंवा त्याला समोरच्या विंगरने मागे रेटलं, तर ३-४-२-१ चं पाहता पाहता ५-४-१ होतं आणि चेंडू जिंकला तरी पुढे पास द्यायला स्ट्रायकर एकटाच, तीस मीटर लांब.

निळा चंद्र

प्रेस फोडण्याबद्दल कुणी लिहिलं नाही, ते मी घेतो. साधी आकडेमोड आहे. समोरच्याने दहा माणसं आपल्या दहा माणसांना लावली तर कीपर मोकळा. कीपरवर कुणी धावला तर त्याने सोडलेला माणूस मोकळा. प्रश्न फक्त त्या मोकळ्या माणसापर्यंत चेंडू पोचवायचा. थेट वाट बंद असते, म्हणून तिसऱ्या माणसाचा वापर: सेंटरबॅक पाठीवर दडपण असलेल्या मिडफिल्डरला पास देतो, तो वळायचा प्रयत्नच करत नाही, एका स्पर्शात चेंडू बाजूच्या मोकळ्या खेळाडूकडे ढकलतो. ज्याचं तोंड पुढे आहे अशा माणसाच्या पायात चेंडू आला की प्रेस मोडला.

मॅनेजर डे झर्बीच्या ब्रायटनमध्ये हे सगळ्यात नितळ दिसायचं. सेंटरबॅक लुईस डंक चेंडूवर पायाचा तळवा ठेवून उभा. पास नाही, धाव नाही. स्ट्रायकरला वाटतं आता जावं, तो दोन पावलं टाकतो, आणि त्या क्षणी त्याच्या मागे जी फट पडते तिच्यातून पास जातो. प्रेस करणारा पुढे आलाच नाही तर चेंडू तिथेच. वेळ फुकट जातोय असं वाटतं, पण ते आमिष असतं. जानेवारी २०२३ मध्ये लिव्हरपूलला ३-० हरवलं ते याच पद्धतीने, आणि त्या मोसमात ६२ पॉइंटसह सहावा क्रमांक.

दुसरा उपाय म्हणजे वरून जाणं. सगळे माणसाला माणूस लावून वर आले असतील तर मागे मोठं मैदान रिकामं असतं. गोलकिकवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नसल्यामुळे स्ट्रायकर बचावाच्या पलीकडेही उभा राहू शकतो. मात्र त्यासाठी आमच्या सिटीच्या तेव्हाच्या कीपर एडरसनसारखा पाय हवा. ऑगस्ट २०१८ मध्ये हडर्सफील्डविरुद्ध त्याच्या लांब चेंडूवर अग्वेरोने गोल केला होता. उंच, तरंगता चेंडू बचावपटूला फायद्याचा, सपाट आणि वेगवान चेंडू स्ट्रायकरला.

नवीन प्रेक्षक

प्रश्न विचारतो. टीव्हीवर कॅमेरा चेंडूच्या मागे असतो. बचावाची ओळ, मोकळा मिडफिल्डर वगैरे दिसतच नाही. मग हे बघायचं कसं?

सेंटरबॅक

चांगला प्रश्न. गोलकिक, फ्रीकिक, थ्रो-इन अशा थांबलेल्या क्षणी कॅमेरा बहुतेकदा मोठा कोन दाखवतो, तेव्हा घाईने मोजून घ्या: त्यांचे किती पुढे, आपले किती मागे. गवताचे पट्टे मापाला उपयोगी पडतात. पट्टे साधारण साडेपाच मीटरचे असले, तर तीस मीटर म्हणजे पाच-सहा पट्टे. काही मैदानांवर ते वेगळे असतात, म्हणून आधी बॉक्सशी ताडून बघा. बॉक्सची रेषा गोलपासून साडेसोळा मीटरवर असते, त्यात तीन पट्टे बसले की माप जमलं.

सामना चालू असताना एकाच खेळाडूला दहा मिनिटं धरून ठेवा, चेंडू कुठेही असो. बचावात्मक मिडफिल्डर सगळ्यात चांगला. चेंडू मिळण्याआधी तो किती वेळा मान वळवून मागे बघतो, एवढंच पाहिलं तरी खूप कळतं. रिप्लेमध्ये गोल बघू नका, गोलच्या आधीची दहा सेकंदं बघा.

उत्तर लंडन

बचावाच्या ओळीवरून आठवलं. ६ नोव्हेंबर २०२३, स्पर्स १, चेल्सी ४. लोक हा सामना आमच्या तेव्हाच्या मॅनेजर पोस्टेकोग्लूच्या हट्टाचं उदाहरण म्हणून सांगतात. मला तो हट्टापेक्षा जास्त काहीतरी वाटतो, म्हणून नीट मांडतो.

तेहतिसाव्या मिनिटाला रोमेरो रेड कार्डने बाहेर, पंचावन्नाव्याला उदोगी बाहेर. स्कोअर १-१ आणि आमचे नऊ जण. बहुतेक मॅनेजर कीपर सोडून आठही जणांना बॉक्ससमोर उभे करतात. पोस्टेकोग्लूने ओळ मध्यरेषेच्या आसपास नेली आणि कीपर व्हिकारिओला बॉक्सबाहेर झाडूवाल्यासारखं उभं केलं. यामागचा हिशेब असा: आठ जणांनी ६८ मीटर रुंदीचं मैदान बॉक्ससमोर झाकायचं तर अकरा जणांचा संघ कडेने क्रॉस मारत राहणार आणि दर मिनिटाला चेंडू आपल्या गोलसमोर. ओळ वर ठेवली तर खेळ चाळीस मीटर दूर होतो आणि समोरच्याला ऑफसाइडचं भान ठेवून अचूक वेळी धावावं लागतं. चेल्सीचे खेळाडू वारंवार घाईने सुटून ऑफसाइडमध्ये सापडले. दुसरा गोल मिळवायला त्यांना वीस मिनिटं लागली, आणि १-२ असताना डायरचा गोल ऑफसाइड ठरला नसता तर बरोबरी होती.

मग बिघडलं कुठे? उंच ओळ टिकते ती पास देणाऱ्यावर दडपण असेल तरच. नऊ जणांत ते दडपण द्यायला माणूसच नव्हता. पास देणाऱ्याला मान वर करून, वेळ घेऊन चेंडू टाकता येत होता. त्यावर योग्य इलाज म्हणजे स्ट्रायकरने ओळीवर थांबायचं आणि मागून येणाऱ्याने वेगात आत घुसायचं. पंचाहत्तराव्या मिनिटाला स्टर्लिंग तसाच घुसला, आडवा पास दिला आणि जॅक्सनने रिकाम्या गोलमध्ये ढकलला. नंतरचे दोन गोल नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत, आमचे पाय संपल्यावर.

त्यामुळे माझं मत असं की कल्पना चुकीची नव्हती. ती सत्तराव्या मिनिटानंतरही तशीच ठेवणं चुकीचं होतं.

तोफखाना

डर्बीतला शत्रू असूनही सांगतो, हा प्रतिसाद धाग्यातला सर्वोत्तम आहे. पण ऑफसाइडच्या सापळ्यावर चाळीस मिनिटं काढणं मला पटत नाही. सापळा शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा यशस्वी झाला तरी एकदा चुकला की थेट कीपरसमोर. आर्सेनल सप्टेंबर २०२४ मध्ये सिटीच्या मैदानावर दहा जणांनी पूर्ण दुसरा हाफ खेळलं, २-१ ने पुढे होतं, आणि बॉक्ससमोर पाच-चारची भिंत करून उभं राहिलं. अठ्ठ्याण्णवाव्या मिनिटाला स्टोन्सचा गोल झाला हे खरं, पण तोवर सिटीला बॉक्सबाहेरून मारावं लागत होतं.

निळा चंद्र

तिथे एक फरक आहे. तुमचे दहा होते, स्पर्सचे नऊ. दहा जणांत ५-४ बसतं. नऊ जणांत ५-३ होतं आणि त्या तिघांना ६८ मीटर झाकता येत नाहीत. चेंडू दोनदा या कडेवरून त्या कडेला फिरवला की तिसऱ्यांदा कुणीतरी उशिरा पोचतो. दोन्ही सामन्यांची थेट तुलना नको.

लाल सैतान

पोस्टेकोग्लूचा विषय निघालाच आहे तर २१ मे २०२५, बिल्बाओ. युरोपा लीगची फायनल, स्पर्स १, युनायटेड ०. आम्हाला बोचणारा सामना आहे, पण धाग्याच्या विषयाला फार जवळचा. लीगमध्ये मोसमाअखेर ३८ पॉइंट, २२ पराभव, सतरावा क्रमांक असलेल्या माणसाने त्या रात्री स्वतःची पद्धत बाजूला ठेवली. बेचाळिसाव्या मिनिटाला ब्रेनन जॉन्सनचा गोल, मग ओळ खाली आणि शेवटी बचावपटू डान्सोला आणून मागे पाच. आम्ही चेंडू जवळपास तीन चतुर्थांश वेळ फिरवत होतो. पण त्यांच्या बॉक्ससमोर मध्यभागी जागा नव्हती आणि कडेने टाकलेले क्रॉस त्यांच्या उंच बचावाला सोपे होते. क्रॉसच मारायचे असतील तर बॉक्समध्ये किमान तिघे हवेत, एक जवळच्या पोस्टवर, एक पेनल्टी स्पॉटजवळ, एक दूरच्या पोस्टवर. आमचे बहुतेक वेळा दोनच पोचायचे.

सोळा दिवसांनी पोस्टेकोग्लूला काढलं. २००८ नंतरची क्लबची पहिली ट्रॉफी देऊनही.

उत्तर लंडन

तो निर्णय मला आजही अर्धाच पटतो. युरोपातल्या सामन्यांसाठी खेळाडू राखून ठेवले म्हणून लीगचे आकडे खराब दिसले, हे एक कारण. पण दुखापतींची रांग आणि तेच ते कॉर्नर, ही दोन वर्षं न बदललेली कारणं होती. ट्रॉफीने ती पुसली जात नाहीत.

अ‍ॅनफिल्डकर

'वेळ द्या' म्हणणारे युनायटेडच्या फर्ग्युसनचा दाखला देतात: नोव्हेंबर १९८६ मध्ये आला, पहिली ट्रॉफी १९९० चा एफए कप, पहिली लीग १९९२-९३. खरं आहे, पण वेळ मिळाल्यावर बिघडत गेलेल्यांची यादी त्याहून मोठी आहे. वेळ द्यायचा तर काहीतरी सुधारताना दिसलं पाहिजे. आर्सेनलच्या अर्टेटाचं उदाहरण मला जास्त उपयोगी वाटतं. २०१९-२० मध्ये आठवा क्रमांक, २०२०-२१ मध्येही आठवाच. टेबल बघून प्रगती शून्य. पण खाल्लेले गोल ४८ वरून ३९ वर आले होते, आणि त्या मोसमात त्यांच्यापेक्षा कमी गोल फक्त सिटी आणि चेल्सीने खाल्ले. पाया घातला जात होता, गोल करणारे कमी होते. पुढे पाचवा, मग सलग तीनदा दुसरा.

आकडेशास्त्री

इतका वेळ कुणी एक्सजी (संधींच्या दर्जावरून मोजलेले अपेक्षित गोल) काढला नाही याचं आश्चर्य वाटलं. वापरायचा कसा ते थोडक्यात. एका सामन्याचा एक्सजी मॅनेजरबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. आठ-दहा सामन्यांची बेरीज घ्या, आपला वजा त्यांचा. त्यातून पेनल्टी बाजूला काढा, कारण एका पेनल्टीचे साधारण ०.७८ धरले जातात आणि दोन पेनल्ट्यांनी सगळं चित्र फिरतं. रेड कार्डनंतरची मिनिटंही शक्य असेल तर वेगळी ठेवा. मग सेट-पीस आणि मोकळा खेळ वेगळे करा. मोकळ्या खेळातला फरक सतत उणे आणि निकाल मात्र चांगले, तर कीपर किंवा स्ट्रायकर सांभाळून घेतोय, आणि ते फार काळ टिकत नाही.

प्रेस मोजायला पीपीडीए असतो: प्रतिस्पर्ध्याने स्वतःच्या बाजूच्या साठ टक्के मैदानात केलेले पास, भागिले तिथे आपण केलेले टॅकल, इंटरसेप्शन, फाउल वगैरे. आकडा लहान म्हणजे प्रेस तिखट. पण समोरचा संघ लांबच मारणारा असेल तर पास कमी होतात आणि आकडा फसवा लहान येतो.

नवीन प्रेक्षक

आणि बदली खेळाडू? 'सब उशिरा केले' ही तक्रार तर रोजचीच.

सेंटरबॅक

पाच बदल्या, पण खेळ थांबवून फक्त तीनदा. हाफटाइमचा थांबा यात धरत नाहीत. प्रीमियर लीगमध्ये हे कायमचं झालं २०२२-२३ पासून. म्हणून हाफटाइमला केलेला बदल 'फुकट' असतो, आणि पंचावन्नाव्या मिनिटाला एकच खेळाडू बदलणारा एक मौल्यवान थांबा खर्च करतो. शेवटचा थांबा ऐंशीव्या मिनिटापर्यंत हातात ठेवणं शहाणपणाचं, कारण दुखापत सांगून येत नाही. त्यापुढे मिनिटांपेक्षा कारण बघा. माणसाला माणूस बदलला की रचना बदलली? रचना बदलली असेल तर पुढची पाच मिनिटं खेळाडू एकमेकांना हातवारे करून जागा विचारतायत का ते बघा. विचारत नसतील तर तो बदल सरावात झालेला आहे.

उत्तर लंडन

कॉर्नरसाठी एक पुरवणी राहिली. २०२५-२६ पासून कीपरने चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्याला कॉर्नर मिळतो. शेवटची पाच सेकंदं रेफ्री हात वर करून बोटांनी मोजतो. आघाडी घेऊन वेळ काढणाऱ्या कीपरने आर्सेनलसारख्या संघाला फुकटचा कॉर्नर देणं म्हणजे काय, हे वर लिहिलंच आहे. चेंडू पकडल्यावर कीपर जमिनीवर लोळत राहतो का, आणि सेंटरबॅक त्याला ओरडून वेळ सांगतायत का, हेही यादीत घ्या.

तोफखाना

घेतलं. आणि आठ सेकंद मोजताना कीपरच्या पुढे कोण अडवून उभा राहतो तेही बघा. चेंडू सोडणाऱ्या कीपरला अडवणं हा फाउल आहे, त्यामुळे आमच्या स्ट्रायकरने त्याच्यापासून दोन पावलं दूर राहून फक्त जवळचे पास झाकायचे. कीपरची वेळ मग आपोआप संपते.